पहिली फेरी हवेत

भावकू नावगेकरचा एक नियम होता. नवीन जॉब मशीनवर चढला की पहिली फेरी हवेत. कटर पन्नास मिलिमीटर वर घ्यायचा, अख्खा प्रोग्रॅम रिकाम्या हवेत चालवून बघायचा आणि मगच लोखंडाला टेकवायचा. याला बारा मिनिटं लागत, कधी पंधरा. तेवढ्या वेळात तो चहाला जात नसे, कुणाशी बोलत नसे. मशीनच्या दाराच्या काचेला नाक लावून उभा राही. एकदा शेजारच्या शेडमध्ये वायर जळाली. सगळे बाहेर धावले. भावकू फेरी संपवूनच बाहेर आला.

"धूर तिकडं हुता, कटर हितं हुता," एवढंच म्हणाला.

तो मूळचा बेळगुंदीचा. घरी रताळ्याची शेती. दहावीला गणितात पास झाला आणि बाकी सगळ्यात नापास. एकोणिसाव्या वर्षी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लागला तेव्हा रोज तेरा किलोमीटर सायकल मारत यायचा आणि तेवढीच मारत परत जायचा. बारा वर्षं साध्या लेथवर काढली. मग मालकांनी संगणकावर चालणारं जुनं मशीन विकत आणलं. ते ट्रकमधून उतरताना कामगार लांब उभे राहिले होते. आता आपली भाकरी हे खाणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. भावकू तेवढा पुढं झाला आणि पहार लावायला लागला.

शिकवायला बेंगळूरहून साहेब आले. चार दिवस होते. इंग्रजी बोलायचे, अडलं की कन्नड. कन्नड भावकूला येत होतं, इंग्रजी अर्धं कळत होतं. त्यानं एक डायरी घेतली आणि सगळं आपल्या शब्दांत लिहून काढलं. जी झिरो झिरो : पळ. जी झिरो वन : कापत चाल. एम थ्री : फिर. एम एट : पाणी सोड. एम थर्टी : घरी जा. साहेबांनी चौथ्या दिवशी ती डायरी उलटून बघितली, वाचता आली नाही, पण भावकूनं लिहिलेला प्रोग्रॅम चालला. साहेब डायरी परत देऊन निघून गेले.

म्हणजे नव्या गोष्टीचं त्याला वावडं नव्हतं. उलट सोस होता. गल्लीतला पहिला मोबाइल त्याचा. विहिरीवरचा पंप फोनवरून सुरू करायची खटपट त्यानं स्वतः केली होती, तीनदा मोटर जाळून. बायको अक्काताई म्हणायची, "चालत गेला असता तर एव्हाना रान भिजलं असतं." तरी चौथ्यांदा पंप लागला तेव्हा शेजाऱ्यांना तिनंच बोलावून दाखवला.

हवेतल्या फेरीचा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता. नवं मोठं मशीन आलं त्या वर्षी तो एका आकड्यापुढचं उणे चिन्ह विसरला. कटर टेबलात घुसला. मशीन एकोणीस दिवस बंद. जुने मालक रोज यायचे, उघड्या मशीनकडं बघायचे आणि काही न बोलता जायचे. शिव्या घातल्या असत्या तर भावकू विसरला असता. विसाव्या दिवसापासून तो पहिली फेरी हवेत मारायला लागला, ते आजतागायत.

आता तो साठ वर्षांचा झाला होता. डायऱ्या अकरा झाल्या होत्या. महिन्याभरात कामातून सुटणार होता. मशीन कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न होता.

वर्कशॉपात त्याजोगी दोघंच होती. एक विक्रम, अनगोळचा, तिशीतला. ऑफिसात काचेआड बसून सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅम करायचा. दरवर्षी फोन बदलायचा. घरात पंखा आणि दिवा तोंडानं हाक मारून लावायचा. दुसरी आरोही, खानापूरची. डिप्लोमा झालेली, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. ती रोज बसनं यायची. तिच्याकडं दहा वर्षांचा जुना लॅपटॉप होता, त्यात सगळी फुकटची सॉफ्टवेअरं घातलेली. त्यावर ती ट्रक चालवायचा गेम खेळायची. त्याच्यासाठी जुनं स्टिअरिंग व्हील घेऊन तिनं घरातल्या टेबलाला बोल्टनं आवळलं होतं. आईनं टेबल मागितलं तरी मिळत नसे.

डबा खायला तिघं कॉम्प्रेसरच्या खोलीमागं बसत. तिथं रोज हीच भांडणं.

"फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचं दुखणं," विक्रम म्हणायचा. "अडलं तर विचारणार कुणाला?"

"जगात कुणीतरी जागं असतंय. लिहून टाकायचं, उत्तर येतंय. तुमच्या कंपनीला फोन लावला की पहिली दहा मिनिटं गाणं ऐकवत्यात."

"गाणं तरी चांगलं असतंय."

"आणि त्या ट्रकचं काय गं?" भावकू मध्येच विचारायचा. "खानापूरच्या रस्त्यावर ट्रक कमी हैत व्हय?"

"अण्णा, गेममधल्या रस्त्याला खड्डे न्हाईत. तेवढंच सुख."

"सुख कसलं. बसल्या जागी बटनं दाबायची. गेमात मेलं की परत जीव मिळतोय. हितं कटर एकदा घुसला की घुसला."

"म्हणूनच की अण्णा. तिथं शंभरदा मेले, म्हणून कुठं मरतोय ते कळलं."

"मरायचंच कशाला?" विक्रम चपातीचा तुकडा हातात धरून म्हणायचा. "माझ्या स्क्रीनवर कटर कसा जाणार ते आधीच दिसतंय. सगळं हिरवं आलं की कटर कुठं आपटत न्हाय. अण्णांची बारा मिनिटं म्हणजे नुसती पूजा. देव हाय का न्हाय, कुणी बघितलंय?"

आरोही हसायची. भावकूही हसायचा, पण त्याला ते लागायचं.

आरोहीबद्दलही त्याचं मत फार बरं नव्हतं. कामात चूक नव्हती. मोजमाप चोख होतं. उन्हाळ्यात तिनं नवीन फिक्श्चर बनवलं, ओतीव लोखंडाचं लहानमोठं कुठलंही कास्टिंग घट्ट धरून ठेवायचा पाट. त्यावर फाइलचा, म्हणजे कानशीचा, एक हात कमी पडला होता असं भावकूला म्हणता आलं नाही, आणि तो तसं काही म्हणता येईल का तेच शोधायला बसला होता. तरी खेळणाऱ्या माणसाच्या हातात यंत्र देऊ नये, असं त्याला वाटायचं. खेळात माणूस घाईला सोकावतो. आणि बोटांना थरथर नसली तरी मनाला असते.

मालक आता जुने नव्हते. त्यांचा मुलगा नागेंद्र बघायचा. घरी कन्नड, कामगारांशी मराठी, बँकेशी इंग्रजी. एका सोमवारी तो भावकूजवळ आला.

"एनप्पा भावकूअण्णा, किती दिवस राहिले?"

"एकवीस."

"विक्रम म्हणतो, सगळे प्रोग्रॅम ऑफिसातून करतो. मशीनवर फक्त बटन दाबणारा माणूस पाहिजे. मग मला डिप्लोमावाली कशाला ठेवायची? तिचे सहा महिने याच महिन्यात संपतात." नागेंद्रनं मशीनच्या दारावर हात ठेवला. "तू सांग. हे मशीन तुझ्या हातात वाढलंय. शनिवारी चार वाजता मी येतो. विक्रमच्या पद्धतीनं चालवू की पोरीला देऊ? तू म्हणशील तसं."

आरोही पलीकडं कास्टिंग घासत होती. तिनं वर बघितलं नाही, पण घासायचा आवाज थांबला होता.

आठवडाभर भावकूनं कुणाला काही सांगितलं नाही. मनात त्याचं विक्रमकडं झुकत चाललं होतं. पूजा म्हणतो तर म्हणू दे. निदान खेळत तरी नाही.

शनिवारी सकाळी फाउंड्रीतून सहा कास्टिंग आली. हायड्रॉलिक पंपाच्या व्हॉल्व्हची बॉडी. तीन वर्षांपूर्वी बंद झालेला जॉब होता, गिऱ्हाइकानं अचानक परत मागवला होता. संध्याकाळपर्यंत पहिला नग पाहिजे होता.

"तासाभरात प्रोग्रॅम देतो," विक्रम म्हणाला.

"कशाला तासभर? माझ्या डायरीत हाय."

"अण्णा, तीन वर्षांपूर्वीचा?"

"लोखंड तेच, भोकं तीच. तुझं सॉफ्टवेअर उघडंस्तोवर माझा नग निघंल."

विक्रमनं फोन काढला आणि त्यातलं घड्याळ सुरू केलं. "बघू या. टायमिंग लावलं."

भावकूनं सातवी डायरी काढली. पान सापडलं. तेलाचा अंगठा उमटलेलं पान होतं. त्यानं एकेक ओळ मशीनमध्ये भरली, दोनदा तपासली. हे त्याचं काम असं होतं की बघणाऱ्याला कंटाळा यावा. आरोहीनं कास्टिंग फिक्श्चरवर चढवून क्लॅम्पच्या पकडीनं आवळलं. सगळं तयार झालं तेव्हा अठरा मिनिटं झाली होती.

"आता पूजा आसंल न्हवं?" विक्रम म्हणाला आणि फोनकडं बघितलं.

माणसानं इतकी वर्षं एक गोष्ट पाळावी आणि एका टोमण्यानं सोडावी, हे सांगून खरं वाटत नाही. पण तसंच झालं.

"हे हजारदा चाललंय," भावकू म्हणाला. "ह्याला हवेत कशाला?"

तेवढ्यात विक्रमला ऑफिसातून हाक आली. घड्याळ चालू ठेवूनच तो गेला. मशीनपाशी दोघंच उरली. आरोही पॅनेलसमोर, भावकू दाराच्या काचेसमोर.

"अण्णा, हवेत न्हाय?"

"चालव म्हटलं न्हवं?"

तिनं वेगाची मूठ निम्म्यावर आणली.

"कमी कशाला केलास?"

"सवय हाय अण्णा. नवीन रस्ता आसला की."

"रस्ता जुना हाय. चालव."

तिनं बटन दाबलं. मशीननं पाणी सोडलं आणि काच दुधासारखी पांढरी झाली. भावकूला आतलं काही दिसेना. पण त्याचे कान होते. कटर लोखंडाला लागल्याचा आवाज सरळ होता, साजूक होता. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीला कटर उजव्या अंगाला निघाला.

आणि आवाज बदलला. एक टणक चर्र, अर्ध्या श्वासाचा. मग मशीन थांबलं. आरोहीचा अंगठा थांबवायच्या बटनावर होता.

पाणी ओघळून गेल्यावर भावकूनं दार उघडलं. कटर उजवीकडच्या क्लॅम्पला टेकून उभा होता. क्लॅम्पवर नखाएवढी चकचकीत खाच. कटरचा एक दात कोपऱ्यात उडालेला. कास्टिंगला ओरखडाही नव्हता. आणखी एक क्षण गेला असता तर क्लॅम्प उपटला असता, कास्टिंग उडालं असतं आणि दाराच्या काचेपलीकडं भावकूचं नाक होतं.

त्यानं खाचेवरून बोट फिरवलं. मग त्याच्या ध्यानात आलं. डायरीतलं पान जुन्या फिक्श्चरचं होतं. त्यात क्लॅम्प डावीकडून यायचे. नव्या फिक्श्चरवर ते उजवीकडं होते. ते त्यानं पाहिलं होतं, उन्हाळ्यात स्वतः हात फिरवून पास केलं होतं. त्याला ठाऊक होतं. डायरीला ठाऊक नव्हतं. हवेत एक फेरी मारली असती तर कटर क्लॅम्पच्या डोक्यावरून जाताना दिसला असता. बारा मिनिटं.

"तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं. "पाण्यात दिसत न्हवतं काय."

"मी आत बघतच न्हवते. कटर कुठं पोचला त्या आकड्याकडं बघत होते." तिनं पॅनेलवरच्या पडद्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. "गेममध्ये गाडीकडं कोण बघत न्हाय अण्णा. कोपऱ्यातल्या नकाशाकडं बघायचं. हे फिक्श्चर मी केलंय. कटरचा मध्य एकशे चाळीसच्या पुढं गेला की क्लॅम्प येणार, एवढं डोक्यात हुतं."

"मग एकशे चाळीसला का थांबिवलं न्हाईस?"

तिनं कापड घेऊन पॅनेल पुसायला सुरुवात केली.

"विचारतोय मी."

"एकशे अडतीसलाच अंगठा ठेवलावता. पण तुमचा प्रोग्रॅम... मला वाटलं, अण्णा हैत, काहीतरी आसंल बरोबर. तेवढा वेळ गेला."

भावकूला राग आला, आणि कुणावर आला ते कळेना.

"मान द्यायचा तर चहाच्या वेळेला दे," तो म्हणाला. "क्लॅम्पला माझं वय कळत न्हाय."

मग तो हत्यारांच्या कपाटाकडं गेला. बारीक फाइल काढली. परत येऊन क्लॅम्पपुढं उभा राहिला. नखाएवढी खाच होती, दहा हात मारले की सपाट. त्यावर तेलाचं बोट फिरवलं की ब्रह्मदेवाला कळलं नसतं. कटरचे दात तर रोजच उडतात. चार वाजता नागेंद्र येणार होता. चाळीस वर्षं आणि त्यात एकच उणे चिन्ह, असा हिशेब घेऊन भावकू सुटणार होता. आरोही बोलली नसती. तिनं तर तोंडही दुसरीकडं केलं होतं, त्याला फाइल मारता यावी म्हणून.

ते तोंड फिरवणंच त्याला सहन झालं नाही. मघाशी त्या पोरीनं मानापोटी अर्धा क्षण घालवला होता. आता तो तिला मानापोटी गप्प राहायला लावणार, आणि उद्या तो नसताना ती आणखी कुणाच्या मानापोटी अंगठा उचलून धरणार.

त्यानं फाइल कपाटात ठेवली. कटरचा दात बदलला. डायरीतल्या आकड्यांत दुरुस्ती केली. मग कटर पन्नास मिलिमीटर वर घेतला आणि हवेत फेरी मारली, पाणी बंद ठेवून. बारा मिनिटं. नग अडीच वाजता निघाला. मापात होता.

विक्रम घड्याळ घेऊन आला. "अण्णा, माझं सॉफ्टवेअर जिंकलं म्हणायचं का?"

"जिंकलं. ये, हे बघ."

विक्रमनं खाच बघितली. हसू गेलं. तो वाकला, बोटानं चाचपलं. "माझ्या स्क्रीनवर पण क्लॅम्प न्हाईत अण्णा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी नुसतं जॉबचं चित्र काढतो. मी केला असता तरी हिरवंच आलं असतं." थोडं थांबून म्हणाला, "पण काढता येतात. मापं मिळाली तर क्लॅम्पसुद्धा सॉफ्टवेअरला सांगता येतात."

"आणि क्लॅम्प बदलला की?" आरोहीनं विचारलं.

"परत सांगायचं."

"कोण सांगणार?"

विक्रमनं तिच्याकडं बघितलं, मग मशीनकडं. फोनमधलं घड्याळ बंद केलं. 

चार वाजता नागेंद्र आला. भावकूनं त्याला आधी क्लॅम्प दाखवला, मग बोलला.

"ही माझी चूक हाय. डायरीवर इश्वास ठेवला. फेरी मारली न्हाय. हिनं थांबिवलं म्हणून कास्टिंग वाचलं."

नागेंद्र खाचेवर वाकला. बापासारखाच काही बोलला नाही. 

"तूसुद्धा?" शेवटी नागेंद्र म्हणाला.

"व्हय. मीसुद्धा. म्हणून सांगतोय. नुसतं बटन दाबणारा माणूस ठेवू नका. आज तो असता तर मी चालव म्हटल्यावर त्यानं चालिवलं असतं."

"तिनंपण चालवलंच की."

"चालिवलं. पण वेग कमी करून. आणि अंगठा ठेवून."

"ही गेम खेळते म्हणून तूच कुरकुरत होतास ना?"

"कुरकुरत हुतो. आता मला न्हाय वाटत तसं. गेम खेळती म्हणून बरी हाय असंबी म्हणणार न्हाय. तिचा अंगठा बघितला, तेवढं सांगतो."

नागेंद्रनं आरोहीकडं बघितलं. ती कापडाला हात पुसत होती, हात कधीचे कोरडे झाले होते.

"सहा महिने आणखी," नागेंद्र म्हणाला. "कायम करायचं ते नंतर बघू. मशीन तिच्याकडं. प्रोग्रॅम विक्रमचे. आणि ती बारा मिनिटं कामाच्या वेळेत धरायची, त्यावरून ऑफिसातून कुणी बोलायचं नाही." दारापर्यंत जाऊन तो वळला. "तो क्लॅम्प बदलू नका. राहू दे तसाच."

सोमवारी दुसऱ्या कास्टिंगची पाळी होती. या वेळी प्रोग्रॅम विक्रमचा. रविवारी त्यानं आरोहीकडून मापं मागवून क्लॅम्प सॉफ्टवेअरात आखले होते, चारही, बोल्टाच्या डोक्यासकट. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. तरी तो स्वतः मशीनपाशी येऊन उभा राहिला.

भावकूनं सातव्या डायरीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि लिहिलं : क्लॅम्प उजवीकडं. मी फेरी मारली न्हाय. मग अकराच्या अकरा डायऱ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या आणि किल्ली आरोहीपुढं धरली.

"अण्णा, मला तुमचं अक्षर लागंल?"

"लागंल. पण वाचलंस म्हणून खरं धरू नको."

तिनं किल्ली खिशात टाकली. कटर पन्नास मिलिमीटर वर घेतला. वेगाची मूठ निम्म्यावर आणली, अंगठा बटनावर ठेवला आणि पहिली फेरी हवेत सोडली. कटर रिकाम्या हवेत फिरत उजवीकडं गेला, क्लॅम्पच्या खाचेवरून जाऊन परत आला. विक्रम घड्याळ बघत नव्हता. तो पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बघत होता आणि ओठांत काहीतरी मोजत होता.

भावकू आरोहीच्या अंगठ्याकडं बघत होता. चार मिनिटं झाली, पाच झाली. अंगठा हलला नाही.

मग तो मागं सरला, हात पुसले आणि फेरी संपायच्या आधीच चहाला बाहेर पडला.